सिक्युरिटी चेकमध्ये अडकलेला पार्टनर व्हिसा : गप्प बसायचं की मागं लागायचं?

राजारामपुरी_नववी_गल्ली

विषय कॅनडाच्या स्पाउज स्पॉन्सरशिपचा आहे, म्हणजे तिकडच्या जोडीदारानं (स्पॉन्सरनं) इकडच्याला बोलावून घ्यायच्या अर्जाचा. जोडीदारापैकी एक तिकडे, दुसरा कोल्हापुरात. बायोमेट्रिक झालं, मेडिकल झालं, स्पॉन्सर पात्र ठरला. पण पोर्टलवर ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन’ची ओळ महिनोन्‌महिने हलत नाही. मग घरातून रोज विचारणा सुरू होते, की एखादं पत्र पाठवा, कुणाला तरी फोन लावा.

माझं मत स्पष्ट आहे. पहिलं वर्षभर मागं लागू नये. ही तपासणी व्हिसा देणारं खातं, म्हणजे आयआरसीसी, एकटं करतच नाही. ते फाईल सीबीएसए (सीमा सुरक्षा) आणि सीसिस (गुप्तचर) या दोन यंत्रणांकडे पाठवतं. अर्जदार २००१ च्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम ३४, ३५ आणि ३७ मध्ये बसतो का, हे तिथं मुख्यतः बघतात: देशाची सुरक्षा, मानवी हक्कांचं उल्लंघन, संघटित गुन्हेगारी. कॉल सेंटरवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही, त्यामुळे वेबफॉर्मवर (आयआरसीसीच्या ऑनलाइन चौकशी फॉर्मवर) दहादा विचारलं तरी ‘तपासणी चालू आहे’ हेच उत्तर येतं.

जी काही लढाई आहे ती अर्ज भरतानाची. आयएमएम ५६६९ हा फॉर्म म्हणजे तपासणीचा कणा. त्यात गेल्या १० वर्षांचा किंवा वयाच्या १८ व्या वर्षापासूनचा, यातला जो काळ अलीकडचा असेल त्याचा, महिन्यागणिक हिशोब लागतो. शिक्षण, नोकरी, बेकारी, शेती, घरी बसणं, सगळं. मार्च २०१९ ला नोकरी सुटली आणि जुलैला दुसरी लागली, तर मधल्या महिन्यांची ओळही लागते. ‘घरच्या शेतीत मदत’ असं लिहिलं तरी चालतं, कोरं चालत नाही. पत्त्यांचं तसंच. पुण्यात कॉट बेसिसवर काढलेले आठ महिने लोक सर्रास विसरतात, आणि तोच पत्ता बँकेच्या कागदावर सापडतो.

दुसरी अडचण नावांची. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनाव तर बदलतंच, मधलं नाव वडिलांऐवजी नवऱ्याचं होतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. वडिलांचं नाव एका कागदावर ‘आप्पासो’, दुसऱ्यावर ‘आप्पासाहेब’. ‘इतर नावं’ या रकान्यात यातलं प्रत्येक रूप लिहावं. पाटील आडनावाची, त्याच पहिल्या नावाची किती माणसं निघतील याचा विचार करा. नाव जुळलं की तो तुम्ही नव्हे हे कुणीतरी हातानं तपासायचं असतं. त्याला वेगळं ओळखायला जेवढं द्याल तेवढं चांगलं. आई-वडिलांची जन्मतारीख १ जून असेल, गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली, तर ती सगळ्या फॉर्मांत १ जूनच ठेवा. एका फॉर्मवर शाळेची आणि दुसऱ्यावर घरची खरी तारीख असं करू नका. फरक असेलच तर स्पष्टीकरणाच्या पत्रात एका वाक्यात सांगा.

एवढं नीट केलं असेल तर नंतर पत्रं पाठवून काही मिळत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासहित लिहावं.

कागल_नाका

दादा, फॉर्मचं सगळं मान्य. पण ‘वर्षभर गप्प बसा’ हा सल्ला लोकांना बुडवणारा आहे.

पोर्टलवरच्या त्या एका ओळीमागं दोन अगदी वेगळ्या अवस्था असू शकतात. एक, फाईल खरोखर सीबीएसएकडे गेली आहे आणि उत्तर यायचं आहे. दोन, ती अजून पाठवलेलीच नाही, तपासणीसमोर ‘सुरू नाही’ असंच लिहिलंय आणि अधिकाऱ्याच्या यादीत ती पडून आहे. पहिलीत थांबण्यावाचून इलाज नाही. दुसरीत एक नेमकं पत्र काम करतं, कारण चूक आयआरसीसीच्या टेबलावरची असते. या दोन्हींतला फरक जीसीएमएस नोट्स, म्हणजे आयआरसीसीच्या संगणकातल्या आपल्या फाईलवरच्या नोंदी, मागवल्याशिवाय कळणार कसा?

नोट्स मागवायला एजंटला पैसे द्यायची गरज नाही. तिकडचा जोडीदार कॅनडाच्या माहिती अधिकाराखाली ५ डॉलर भरून मागवू शकतो, त्याला आयएमएम ५७४४ हे संमतीपत्र सहीसकट जोडायचं. किंवा अर्जदारानं कोल्हापुरातून स्वतः तिकडच्याच प्रायव्हसी ॲक्टखाली अर्ज करायचा, तो फुकट आहे. पूर्वी कॅनडाबाहेरच्या परदेशी माणसाला तसा हक्क नव्हता, जुलै २०२२ पासून आहे. कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे, पण ती वाढवून घेतात.

नोट्स आल्या की चार रकाने बघायचे: पात्रता, गुन्हेगारी, वैद्यकीय, सुरक्षा. शिवाय ‘बीएफ’ तारीख, म्हणजे अधिकारी फाईल पुन्हा कधी उघडणार ते. ती तारीख उलटून तीन महिने झाले आणि नवी नोंद नाही, तर फाईल विसरली गेली आहे असं धरायला जागा आहे. वेबफॉर्मवर तेवढंच लिहायचं: अमुक तारखेच्या नोट्सनुसार सुरक्षा तपासणी सुरू नाही, कृपया पाठवावी. ‘आमचा अर्ज लवकर करा हो’ असं लिहिलेलं कुणी वाचत नाही.

हुपरी_२३

माझा कल नववी गल्लीकडे. नोट्समध्ये सुरक्षेचा भाग आला की पानंच्या पानं झाकून येतात. ज्याची काळजी आहे तेच दिसत नसेल तर महिन्याला अर्ज करून काय साधणार? उलट दर वेळी आशा लावून बसायचं आणि पुन्हा तेच.

आणि फॉर्मबाबत माझं वेगळं म्हणणं आहे. जास्त लिहिणं हाच धोका. संघटनांच्या प्रश्नात लोक तालीम मंडळापासून सोसायटीपर्यंत सगळं कोंबतात. तिकडच्या अधिकाऱ्याला तालीम म्हणजे काय कळणार? त्याला वाटेल ही कसली शस्त्रं शिकवणारी टोळी. जे विचारलंय त्याला ‘नाही’ लिहावं आणि मोकळं व्हावं.

मंगळवार_पेठ

हुपरीकर, हे लिहू नका. कुणी नवीन वाचेल आणि ऐकेल.

प्रश्नाचे शब्दच राजकीय, सामाजिक, युवक, विद्यार्थी संघटना, कामगार युनियन, व्यावसायिक संघटना असे आहेत. मंडळाच्या कार्यकारिणीत नाव असेल आणि ‘नाही’ लिहिलंत, तर ती चुकीची माहिती होते. इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली ५ वर्षं कॅनडाची दारं बंद. आणि ते नाव मंडळाच्या डिजिटल फलकावर, फेसबुकवर, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर सापडतं. लपवायला जागाच नाही.

अधिकाऱ्याला तालीम कळत नसेल तर कळवायची. एक ओळ पुरते: ‘पेठेतील नोंदणीकृत तालीम मंडळ, कुस्ती, फुटबॉल आणि गणेशोत्सवाचे आयोजन, २०१५ ते २०१९ सभासद, पद नाही.’ नोंदणी क्रमांक असेल तर तोही. अडचण ‘तालीम’ या शब्दाची नाही, एका शब्दात सोडून दिल्याची आहे. वर्गणी देणारा आणि कार्यकारिणीतला यात फरक आहे, तोही लिहा.

सरकारी पदांचा प्रश्न वेगळा आहे, तिथंही आपली माणसं चुकतात. ग्रामपंचायत सदस्य, सरपंच, झेडपीची शिक्षिका, तलाठी, होमगार्ड. पगार नव्हता म्हणून सरपंचपद लिहायचं नाही असं होत नाही. कालावधी, गाव, तालुका, पद, सगळं द्या.

शिरोळ_काठ

फौजेतल्यांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या तालुक्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, कोल्हापुरातच टेरिटोरियल आर्मीची १०९ मराठा बटालियन आहे. आपल्या भागातल्या अर्जात सैन्यसेवा निघणारच, आणि तिथंच लांबण लागते.

सेवा होती म्हणून अर्ज नाकारतात असं नाही. पण निमलष्करी दलांबाबत जुना इतिहास आहे. २०१० मध्ये बीएसएफच्या निवृत्त जवानाला त्या दलाविषयी कडक शेरा मारून व्हिसा नाकारला होता, भारतानं हरकत घेतल्यावर कॅनडा सरकारनं खेद व्यक्त केला. तेव्हा बीएसएफ, सीआरपीएफ, पोलीस यांनी त्रोटक उत्तर द्यायचंच नाही. युनिट, हुद्दा, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, प्रत्येक पोस्टिंगचं ठिकाण आणि काळ, वरिष्ठाचा हुद्दा. डिस्चार्ज बुकाची स्कॅन आणि इंग्रजी नसेल तर भाषांतर. तारखा आठवणीनं लिहू नका, डिस्चार्ज बुकातूनच घ्या. बुक फाटलं, हरवलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मराठा लाईट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला आहेत, तिथून उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून हे काम अर्जाच्या आधी. मोहिमेचा गोपनीय तपशील मात्र लिहायचा नाही, तशी बंधनं असतील तर तेच स्पष्ट लिहा.

पाठपुराव्याबद्दल: अशा फायलीला पहिल्या सहा महिन्यांत पत्र पाठवून लई फरक पडत नाही. इथं नववी गल्लीचं बरोबर हाय.

कागल_नाका

फौजेच्या फायलीपुरतं मान्य. हुपरीकरांनाही सांगतो, महिन्याला नोट्स मागवा असं मी म्हणत नाही. पहिला संच येईपर्यंत दुसरा मागवण्यात अर्थ नसतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात एकदा, मग चार महिन्यांनी एकदा, बस्स. झाकलेली पानं असली तरी तपासणी कोणत्या तारखेला पाठवली तेवढं बऱ्याचदा उघडं असतं, आणि पुढं वकिलाला तीच तारीख लागते.

ताराबाई_पार्क

वकिलाचा विषय निघालाच आहे तर मुद्द्याचं लिहिते.

१२ महिन्यांचं सेवा-मानक, म्हणजे खात्यानं स्वतः ठरवलेला वेळ, ओलांडलं म्हणून लगेच कोर्टात जाता येत नाही. कॅनडाच्या फेडरल कोर्टात मँडेमस, म्हणजे खात्याला निर्णय द्यायला लावणारा आदेश, मागताना कॉनिल खटल्यातल्या तीन कसोट्या लावतात: लागलेला वेळ त्या कामाच्या स्वरूपाला लागतो त्यापेक्षा सकृद्दर्शनी जास्त आहे का, उशिराला अर्जदार जबाबदार नाही ना, आणि खात्यानं समाधानकारक कारण दिलंय का. तिसऱ्या कसोटीवर ‘सुरक्षा तपासणी चालू आहे’ एवढं मोघम वाक्य पुरेसं नाही असं कोर्टानं अनेकदा म्हटलंय. पण दुसऱ्या कसोटीवर आपली माणसं पडतात. मागितलेला कागद तीन महिने उशिरा दिला, पत्ता बदलल्याचं कळवलं नाही, की तो काळ तुमच्या खात्यात जमा.

म्हणून मी नववी गल्लीशी सहमत नाही. गप्प बसलेल्या अर्जदाराकडे कोर्टात दाखवायला काही नसतं. नोट्स, वेबफॉर्मची पोच, स्पॉन्सरच्या मतदारसंघातल्या खासदाराच्या कार्यालयाला पाठवलेली विनंती, हे सगळं तारखांसहित एका फोल्डरमध्ये असलं पाहिजे. खासदाराचं कार्यालय निर्णय फिरवू शकत नाही, पण त्यांना आयआरसीसीकडे चौकशीची वेगळी वाट असते आणि ते फुकट करतात. त्यानंतर वकिलाचं मुदतीचं पत्र, आणि मगच अर्ज. कोर्टाची फी ५० डॉलर, वकिलाची त्याच्या कितीतरी पट. पुष्कळ प्रकरणं सुनावणीआधीच मिटतात, कारण फाईलवर निर्णय होतो. मात्र कोर्ट ‘निर्णय द्या’ एवढंच सांगतं, ‘व्हिसा द्या’ असं नाही. फाईलमध्ये खरी अडचण असेल तर घाईनं नकार ओढवून घ्याल.

आणि नकाराचा फरक समजून घ्या. कॅनडाबाहेरून केलेल्या फॅमिली क्लास (कुटुंबीयांसाठीच्या वर्गातल्या) अर्जाला नकार आला तर स्पॉन्सरला अपील करता येतं. कॅनडात राहून ‘इन कॅनडा’ वर्गात केलेल्याला ते अपील नाही. पण नकार कलम ३४, ३५ किंवा ३७ खाली असेल तर कलम ६४ मुळे बाहेरच्यालाही अपील बंद. म्हणून सुरक्षेच्या मुद्द्यावर खात्याचं शंका व्यक्त करणारं पत्र आलं तर उत्तर घरी बसून लिहू नका. तिथं वकिलावर खर्च करा, बाकी कुठंही वाचवा.

सीसिसकडूनच उशीर आहे असं दिसत असेल तर आधी त्यांच्या संचालकांकडे लेखी तक्रार आणि समाधान झालं नाही तर एनएसआयआरएकडे. ही देखरेख संस्था २०१९ पासून आहे. ही वाट मंद आहे, पण हक्काची आहे.

राजारामपुरी_नववी_गल्ली

ताई, पुराव्याचा फोल्डर ठेवावा हे मान्य, माझ्या मांडणीत ते सुटलं होतं. ‘सुरू नाही’ आणि ‘सुरू आहे’ यातला फरकही मान्य. सहाव्या महिन्यात एकदा नोट्स, हे मी स्वीकारतो. पण खासदारांना दर महिन्याला पत्र आणि वर्ष व्हायच्या आत वकिलाची नोटीस, हे अजूनही चूकच मानतो. वाट बघणाऱ्या माणसाची ताकद त्यात संपते, आणि ती ताकद कागद जिवंत ठेवायला लागते.

ते कागद असे. मेडिकल १२ महिनेच चालतं आणि त्या मुदतीतच कॅनडात उतरावं लागतं. ते खात्याच्या यादीतल्या डॉक्टरकडेच, सूचनापत्र आल्यावर. नेहमीच्या दवाखान्याचं सर्टिफिकेट चालत नाही. तपासणी लांबली तर पुन्हा करायला सांगतात, तेव्हा पुण्या-मुंबईच्या दुसऱ्या फेरीचे पैसे आधीच बाजूला ठेवा. पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट सेवा पोर्टलवरून, फी ५०० रुपये, अपॉइंटमेंट कोल्हापूरच्या पोस्टातल्या केंद्रातही मिळते. अर्ज करताना भारतातली पीसीसी ६ महिन्यांपेक्षा जुनी नको. आखातात सलग ६ महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथलीही, आणि ती शेवटचा मुक्काम संपल्यानंतरची. शिरोलीच्या फाउंड्रीतून दुबई-कतारला जाऊन आलेल्यांचं घोडं इथंच अडतं.

पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आत्ताच नवा काढा आणि नंबर कळवा. पण त्याच वेळी नावही बदलायचा मोह नको. बायोमेट्रिक, पीसीसी, मेडिकल सगळं जुन्या नावावर आणि पासपोर्ट नव्या, म्हणजे पुन्हा ओळख जुळवणं आलं. नाव नंतर बदलता येतं. आणि पासपोर्ट मागवल्याचं पत्र येईपर्यंत नोकरीचा राजीनामा नको.

हुपरी_२३

मंगळवार पेठ, संघटनांबाबत तुमचं पटलं. कलम ४० माहीत नव्हतं. माझा वरचा सल्ला कुणी घेऊ नये.

एक विचारायचं राहिलं. वाट बघताना बाळ झालं तर? बारसं, नाव, जन्मदाखला हे सगळं झाल्यावर कळवलं तर चालतं ना?

ताराबाई_पार्क

नाही, थांबू नका. जन्म झाला की त्याच आठवड्यात वेबफॉर्मवर कळवा, दवाखान्याचा कागद जोडा. जन्मनोंदणी २१ दिवसांत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करा, ती नावाशिवायही होते आणि नाव नंतर घालता येतं. बाळाची माहिती न देता आई किंवा वडील कॅनडात उतरले, तर कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतल्या नियम ११७ मुळे ते मूल पुढं फॅमिली क्लासमधून वगळलं जाऊ शकतं. बाळाचं मेडिकल आणि पासपोर्ट यामुळे दोन-तीन महिने वाढतील. ते वाढू द्या. बारशाची तारीख घरच्यांनी ठरवावी, वेबफॉर्म आधी जाऊ द्या.