मदत हवी आहे: पीएचडीच्या जागा वाढल्या, लॅब तेवढीच. दाद कुठे मागायची?

नमस्कार मंडळी,

राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण समजून घ्या.

आमच्या लॅबमध्ये दोन फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारी काचेची बंदिस्त कपाटं) आहेत, त्यातला एक दीड वर्षापासून बंद. चालू असलेल्याच्या काचेवर मार्करने वेळापत्रक लिहिलेलं असतं, कुणाची रिअ‍ॅक्शन किती ते किती. द्रावक उडवून लावायचं यंत्र, म्हणजे रोटा, एकच. पावसाळ्यात छत गळायला लागलं की रोटावर प्लास्टिक टाकून आम्ही चहाला जातो. मागच्या वर्षी अकरा जण होतो, रडतखडत निभत होतं. यंदा आणखी नऊ आले. त्यातले पाच जण कॉलेजांमधल्या गाईडकडे नोंदलेले आहेत, पण त्या कॉलेजांत बीएस्सीच्या प्रॅक्टिकलपलीकडे काही नाही, म्हणून तेही आमच्याच टेबलाशी उभे. त्या पोरांचा काय दोष? त्यातली एक तर रात्री अकरानंतर येते, तेव्हाच हूड मोकळा मिळतो म्हणून.

विभागात कुजबुज आहे की प्रवेशाचा दर्जा खाली आणला. मी नियम काढून बघितले, तसं दिसत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, राखीव आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) उमेदवारांना ५ टक्के सूट. पेट, म्हणजे विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा, दिली तर त्यात ५० टक्के (सूट इथेही तीच) मिळाल्याशिवाय मुलाखत नाही. २०२४-२५ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवरही प्रवेश मिळतो, त्यात ७० टक्के वजन नेटला आणि ३० टक्के मुलाखतीला. म्हणजे मुलं पात्र होऊनच आलीत. गाईडची मर्यादाही मोडलेली नाही: सहायक प्राध्यापकाकडे ४, सहयोगीकडे ६, प्राध्यापकाकडे ८. कागदावर सगळं चोख. गाईडमागे डोकी मोजली, हूडमागे कुणीच मोजली नाहीत.

यूजीसीच्या आधीच्या, २०१६ च्या नियमावलीत मात्र जागा ठरवताना मार्गदर्शकांबरोबर प्रयोगशाळा, ग्रंथालय वगैरे सोयीही बघायच्या, असं चक्क लिहिलं होतं. आमच्याकडे तेव्हा तरी कुणी ते बघितलं होतं का, देव जाणे.

एचओडी (विभागप्रमुख) सरांना विचारलं तर म्हणाले, "जागा वर ठरतात, विद्या परिषदेत." छताचं आणि हूडचं विचारलं तर अभियंता कार्यालय म्हणतं अंदाजपत्रक केव्हाच पाठवलं, व्यवस्थापन परिषदेपुढे पडून आहे. एकीकडे गेलं की दुसरीकडे बोट. माहिती अधिकारात अर्ज टाकावा असं वाटतं, पण माझ्या नावाने टाकला तर दुसऱ्या दिवशी गाईडच्या टेबलावर चर्चा. अधिसभेतल्या (सिनेटमधल्या) कुणाला गाठावं का? तिथे विद्यार्थ्याचं कोण ऐकतं? आणि मुख्य म्हणजे जागा आणि लॅब हे दोन विषय एकत्र मांडता येतात का, की वेगवेगळेच भांडायचे?

वकिली सल्ला नको, कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद:
पाच वर्षं पदवीधर गटातून अधिसभेवर होतो, दुसऱ्या विद्यापीठात. आधी एक गैरसमज काढा. "ते तिकडे ठरतं" हे उत्तर खालच्या माणसाने दिलं तर समजण्यासारखं, वरच्याने दिलं तर ती पळवाट. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात विद्या परिषद आणि व्यवस्थापन परिषद दोन्हींचे अध्यक्ष कुलगुरूच असतात आणि सचिव कुलसचिव. दोन्ही फायली एकाच टेबलावरून जातात.

माहिती अधिकाराचा अर्ज तुम्ही टाकायलाच हवा असं नाही. वडील, मावशी, गावातला मित्र, कुणीही टाकू शकतो. कारण विचारता येत नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. पण आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, हा नियम दाखवून लोकांना परत पाठवतात. म्हणून दोन अर्ज करा. एकात यंदाच्या जागा मंजूर करणाऱ्या बैठकीचं इतिवृत्त आणि त्यासोबतची टिपणी मागा. दुसऱ्यात लॅबच्या दुरुस्तीची फाईल कधी, कुठे पोचली ते. "का" विचारू नका, कागद मागा. "का" ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही.

मग दोन्ही कागद घेऊन पदवीधर गटातल्या सदस्याकडे जा. पदवीधरांचे १० प्रतिनिधी असतात, त्यातले दोघं-तिघं तरी भांडखोर निघतात. अर्थसंकल्पाची बैठक मार्चमध्ये असते, त्याआधी बराच वेळ प्रश्न लेखी द्यावा लागतो, तेव्हा दिवाळीनंतर गप्प बसू नका. प्रश्न असा लिहून द्या: "अमुक विभागात जागा मंजूर करताना उपलब्ध सोयींची टिपणी परिषदेपुढे होती काय?" हो म्हटलं तर टिपणी दाखवावी लागते. नाही म्हटलं तर ते इतिवृत्तात जातं.

आणि त्या पाच मुलांच्या गाईडना मान्यता देताना कॉलेजच्या संशोधन केंद्राची पाहणी झाली असणार. तो पाहणी अहवालही मागा. आमच्याकडे एकात शाळेची लॅब दाखवली होती.

धागाकर्ती:
खूप आभार. पाहणी अहवालाचं डोक्यातच नव्हतं आलं. तो तिसरा अर्ज समजायचा ना, की जागांच्या अर्जातच चालेल? बाबांना फोन केला, ते तयार आहेत, फक्त म्हणाले, "अर्ज तू लिहून दे, माझं अक्षर कुलसचिवांना लागायचं नाही." आज रात्री बसते. तसंही हूडची पाळी साडेबाराची आहे.