मदत हवी आहे: असॅसिन्स क्रीड पुढे खेळू की थांबू?

नमस्कार मंडळी. २००९च्या दुसऱ्या भागापासून मी ही व्हिडिओ गेमची मालिका जीव लावून खेळत आलोय. त्या भागाच्या नायकाची, एझिओची, गोष्ट तीन गेममध्ये पूर्ण झाली. त्यातल्या शेवटच्या रेव्हलेशन्समध्ये म्हातारा होत चाललेला एझिओ पहिल्या भागाच्या नायकाच्या, अल्ताइरच्या, सांगाड्यासमोर उभा राहतो, तो प्रसंग आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. नंतरचा ब्लॅक फ्लॅगसुद्धा मनापासून आवडला.

२०१७च्या ओरिजिन्सपासून मात्र मन उडत गेलं. त्यातला इजिप्त देखणा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण छतावरून दबकत जायचं, नेम धरून झडप घालायची, आणि शत्रूची लेव्हल जास्त म्हणून तो मरतच नाही! मग लपण्याला अर्थ काय उरला? पुढच्या ओडिसीत तर मालिकेची ओळख असलेलं, मनगटात लपवलेलं पातंच नाही, लिओनिदासच्या भाल्याचं टोक आहे. त्यानंतरचा वल्हाला अर्ध्यात सोडला. नकाशा संपता संपत नाही आणि जुन्या भागांतल्या डेस्मंड या आजच्या काळातल्या नायकाचं कथानक कधीच मागे पडलंय.

आता प्रश्न. मिराज आणि शॅडोज हे नंतरचे दोन्ही भाग खेळलेल्यांनी सांगा, जुन्या पद्धतीचा लपाछपीचा खेळ खरंच परत आलाय का? मिराजचं बगदाद आटोपशीर आहे म्हणतात, पण गोष्ट मनाला भिडते का? शॅडोजमध्ये लपून वार करणाऱ्या नाओएला घेऊन बहुतेक गेम खेळता येतो की दुसऱ्या नायकाकडे, सामुराई यासुकेकडे, सारखं वळावं लागतं? एका झडपेत हमखास ठार करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये चालू केला तर मजा टिकते का?

कथेतले धक्के तेवढे फोडू नका, प्लीज.