पीयूसीसाठी 38 हजारांचा कॅटलिटिक बदलायचा? मला तर अजिबात पटत नाही

घोडबंदरकर_04
पेट्रोल गाडी, 2013 ची, बीएस फोर (धुराच्या नियमांचा चौथा टप्पा). पीयूसीला नेली तर फेल. आयडलला (रेस न देता नुसती चालू ठेवून) सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, 0.62 टक्के आला, लिमिट 0.3, एचसी, म्हणजे न जळालेलं पेट्रोल, 310 पीपीएम आला, लिमिट 200. रेस देऊन घेतलं तर सीओ 0.48, तिथे तर 0.2 च्या वर चालतच नाही. गॅरेजवाल्याने गाडी वर घेऊन कॅटलिटिकवर, म्हणजे सायलेन्सरच्या पाईपमधल्या धूर साफ करणाऱ्या डब्यावर, रबरी हातोडीने टकटक केलं, आतून डब्यात खडे भरल्यासारखा आवाज, म्हणाला जाळी तुटलीय, गेला हा. कंपनीचा पार्ट 38 हजार, मजुरी वेगळी!! अरे गाडी विकायला काढली तर दीड लाख कोणी देईना. आणि हे सगळं कशासाठी तर एका कागदासाठी. माजिवड्याला सिग्नलला उभे राहा, पुढचा ट्रेलर निघताना असला काळा धूर सोडतो की दोन मिनिटं काच खाली करायची सोय नाही, त्याच्याकडे पण पीयूसी असणारच ना? तो कसा पास होतो?
गॅरेजवाला म्हणतो जाळी फुकटात काढून देतो, डबा परत वेल्डिंग मारून बसवू, बाहेरून कोणाला कळत नाही, पिकअप पण सुधारेल. मी तेच करणार आहे. कोणाला काही चुकीचं वाटत असेल तर बोला.

कोपरखैरणे_सेक्टर
शंभर टक्के बरोबर दादा. सगळे नियम आपल्यासारख्या ईएमआयवाल्यांनाच.

वाशीवाली
चुकीचं वाटतंय, म्हणून बोलते. तुम्ही ट्रेलरच्या मागे उभे असता तशी मी स्कूटरवर तुमच्या मागे उभी असते. काळा धूर निदान दिसतो तरी, तोंडाला स्कार्फ लावता येतो, सीओ दिसत पण नाही आणि त्याला वास पण नाही. ट्रेलरवाला चोर आहे म्हणून मी पण चोरी करणार, हे काय लॉजिक आहे? आणि जाळी काढणं म्हणजे गाडीत बेकायदा बदल, मोटार वाहन कायद्यात 182ए खाली मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. गॅरेजवाल्याला नाही, मालकाला.

घोडबंदरकर_04
ताई, गाडीखाली झोपून बघणारा पोलीस मला दाखवा, मी स्वतः त्याला चहा पाजतो. कायदा पुस्तकात सगळाच असतो हो.

ऐरोलीचे_काका
पीयूसी नसेल तर इन्शुरन्स पण रिन्यू होत नाही, तेव्हा जपून.

कोपरखैरणे_सेक्टर
काका ते जुनं झालं. 2017 ला सुप्रीम कोर्टाने ती अट घातली होती, जुलै 2024 मध्ये काढून टाकली. थर्ड पार्टीवाल्याला पीयूसी मागत नाहीत आता.

ऐरोलीचे_काका
बरं, इन्शुरन्स सोडा. पीयूसी नसेल तर 190(2) खाली दहा हजारांपर्यंत दंड आहेच की, शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकतं.

तुर्भे_गॅरेज
मी हेच काम करतो, तुर्भ्याला, म्हणून लिहितो. पहिली गोष्ट, कोणी कॅटलिटिक बदला म्हटलं की लगेच पाकीट काढायचं नाही. पीयूसीच्या स्लिपवर लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, अगदी बरोबर असेल तर 1) किती आलाय ते बघा. 0.97 च्या खाली असेल तर गाडी पेट्रोल जास्त घेतेय, म्हणजे पुढचा ऑक्सिजन सेन्सर किंवा इंजेक्टर बघायचा. 1.03 च्या वर असेल तर सायलेन्सरच्या पाईपला कुठेतरी भोक असेल आणि तिथून बाहेरची हवा आत घुसत असेल, नाहीतर मिसफायर, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नसेल. असल्या गाड्यांचं काम बऱ्याचदा पाच हजाराच्या आत होतं. आणि गाडी थंड असताना टेस्ट केली का? कॅटलिटिक अडीचशे-तीनशे डिग्रीला गेल्याशिवाय कामच करत नाही. खालच्या सोसायटीतून गाडी काढून समोरच्या पीयूसीला लावली तर चांगली गाडी पण फेल होते, दहा-पंधरा मिनिटं पळवून मग लावायची.

घोडबंदरकर_04
लॅम्डा 1.01 आहे. गाडी गायमुखपर्यंत जाऊन आणली होती, गरम होती.

तुर्भे_गॅरेज
मग गेलाच आहे तो. हवा-पेट्रोल बरोबर आहे, तरी सीओ एवढा म्हणजे साफ करणारा डबाच मेला. वरून खडखडाट पण आहे, तेव्हा टाकीत क्लीनरची बाटली ओतायच्या नादाला लागू नका, तुटलेली जाळी बाटलीने जुळत नाही.
आता जाळी काढायचं. ट्रकचं पीयूसीचं मशीन वेगळं, डिझेलला धुराची घनता मोजतात, सीओ मोजतच नाहीत, त्यामुळे त्याची आणि तुमची तुलनाच होत नाही. तुमची गाडी जाळीशिवाय प्रामाणिक मशीनवर 0.3 मध्ये येणारच नाही, म्हणजे दर वर्षी कोणाला तरी "सेटिंग" करायला लावणार. कॅटलिटिकच्या मागे जो ऑक्सिजन सेन्सर असतो त्याला कळतं की डबा रिकामा आहे, चेक इंजिनचा दिवा कायमचा पेटलेला राहणार, उद्या खरा फॉल्ट आला तरी तुम्हाला कळणार नाही. पिकअपचं म्हणाल तर जाळी चोकअप असली तरच काढल्यावर फरक पडतो, तो फरक नवीन टाकल्यावर पण पडतोच.
आणि एक विचारतो, गॅरेजवाला दोन तासांचं काम फुकट का करून देतोय? त्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. भंगारवाला रोख पैसे देतो तिचे. तुटलेला चुरा पण पिशवीत भरून ठेवतात, झाडून टाकत नाहीत. उद्या जाऊन सांगा की जाळी काढ पण मला परत दे, मग बघा फुकट करतो का.

घोडबंदरकर_04
हे कोणी सांगितलंच नव्हतं 😑

कोपरखैरणे_सेक्टर
पण 38 हजार खरंच जास्त आहेत हो. बाहेरचा युनिव्हर्सल कॅटलिटिक 9-10 हजारात मिळतो, तो टाका, पास व्हा, विषय संपला.

तुर्भे_गॅरेज
मिळतो. पण स्वस्तवाल्यात ते महाग धातू नावापुरते असतात, पहिली पीयूसी निघते, दुसऱ्यावेळी परत हाच धागा काढाल. टाकायचाच तर गॅरंटी लिहून घ्या आणि जुना पीस भंगारात मोजून बिलातून वजा करायला लावा, ओरिजिनल पीसचे बऱ्यापैकी पैसे येतात.

ऐरोलीचे_काका
मी मात्र घोडबंदरकरांच्या बाजूने थोडं बोलतो. 1995 ला चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटलिटिक सक्तीचा केला, तेव्हा शिसंवालं पेट्रोल पंपांवर चालूच होतं, देशभरातून ते गेलं 2000 साली. शिसं आत गेलं की कॅटलिटिक मरतो हे माहीत असूनही. म्हणजे चुकीचं पेट्रोल भरलं गेलं तर भुर्दंड गाडीवाल्याला. आता पण तेच, पार्ट महाग, त्यावर टॅक्स, आणि धूर ओकणारे डंपर मोकाट. सरकारने निदान या एका पार्टवरचा टॅक्स तरी कमी करावा, आपोआप लोक बदलतील.

वाशीवाली
काका, टॅक्स कमी व्हावा याला माझा पाठिंबाच आहे, पण तो कमी होईपर्यंत जाळी काढून फिरायचं हे मान्य नाही. 2013 ची गाडी म्हणजे 2028 ला पंधरा वर्षं होतील, तेव्हा आरटीओत गाडी उभी करून दाखवावी लागणार, पाच हजार फी, वर ग्रीन टॅक्स. तिथे पण "सेटिंग" करणार का? गाडी ठेवायची असेल तर पैसे घाला, नसेल तर आत्ताच स्क्रॅपला द्या.

घोडबंदरकर_04
स्क्रॅप वगैरे नाही हो, वडिलांना हॉस्पिटलला न्यायला तीच लागते. बरं तुर्भेवाले दादा, समजा टाकला नवीन, तर तो पण असाच जाणार नाही कशावरून? गाडी मधेमधे इंजिन ऑइल मागते, दर महिन्याला अर्धा लिटर टाकतो मी.

तुर्भे_गॅरेज
हे आधी सांगायचं ना राव! मग कॅटलिटिक त्यानेच मेला असणार. जळालेल्या ऑइलमधला फॉस्फरस त्या जाळीवर बसतो, वर प्लग ओले होऊन मिसफायर झाला की कच्चं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं आणि जाळी वितळून तुटते. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करा, व्हॉल्व्ह सील आणि रिंग बघा, प्लग काढून रंग बघा. सील असेल तर सात-आठ हजारात सुटेल. रिंग असेल तर इंजिन खोलावं लागेल, तेव्हा मात्र सगळा हिशोब एकत्र मांडून ठरवा. ऑइल खाणाऱ्या इंजिनाला नवा कॅटलिटिक लावू नका, मी पण लावून देत नाही.

कोपरखैरणे_सेक्टर
म्हणजे 38 चे 50 झाले 😂

वाशीवाली
दर महिन्याला अर्धा लिटर ऑइल आमच्याच तोंडावर जात होतं, ते नाही दिसलं तुम्हाला.

घोडबंदरकर_04
ओके ओके. शनिवारी कॉम्प्रेशन करून घेतो, आकडे इथेच टाकतो. जाळी काढायचं तूर्तास थांबवलंय, पण 38 हजार वाजवी आहेत हे मी अजून मानलेलं नाही.