मामाच्या कॅसेट्स, ५/८/७७ आणि एकच गाणं अकरा वेळा

माळ्यावरची

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझा मामा १९८२ ते ८६ बर्कलीला होता, आधी एमएस मग दोन वर्षं नोकरी, आणि नंतर आजी आजारी पडली म्हणून कायमचा नाशिकला परत आला. मागच्या वर्षी मामा गेला. दिवाळीआधी घर आवरताना माळ्यावर सुतळीनं बांधलेलं एक खोकं सापडलं, आत ६३ कॅसेट्स, जवळपास सगळ्या मॅक्सेलच्या नव्वद मिनिटांच्या. प्रत्येकीच्या कार्डावर मामाचं मुंगीएवढं अक्षर, गावाचं नाव, तारीख, गाण्यांची यादी, काही गाण्यांच्या मध्ये बाण काढलेले, कोपऱ्यात कुठे एयूडी कुठे एसबीडी. एका कार्डाच्या मागे मराठीत लिहिलंय "आवाज छान, शेवटी टेप संपली". ते वाचल्यावर मी कितीतरी वेळ माळ्यावरच बसून होते.

बहुतेक सगळं ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचं आहे, चारपाच लेड झेपलिन आणि पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँड्सच्या. फ्लॉइड मी थोडंफार ऐकलंय, डेडचं नाव मात्र फक्त टीशर्टवर वाचलेलं.

आता प्रश्न. एका कॅसेटवर ५/८/७७, इथाका असं आहे. ५ ऑगस्ट १९७७ ला मामा नाशिकला अकरावीत होता, मग ही त्याच्याकडे आली कुठून? दुसरं म्हणजे हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं कसं? इथल्या एका दुकानात नमुन्याला एक कॅसेट दिली होती, त्यांनी एमपीथ्री करून दिली पण "आवाज साफ केलाय" म्हणाले आणि ऐकलं तर सगळं पाण्याखाली वाजल्यासारखं, टाळ्या तर तेल तडतडल्यासारख्या, वर सुरुवातीची टेप मशीननं खाल्लेली. तेव्हापासून बाकीच्यांना हात लावायची भीती वाटते. आणि तिसरं, हे मनापासून विचारतेय, एकच गाणं अकरा कॅसेट्सवर आहे. मामा त्यात काय ऐकायचा? मला ते ऐकायला शिकायचंय.

सेकंड_सेट

माळ्यावरची, मामांबद्दल वाईट वाटलं. मी गेली एकोणीस वर्षं बे एरियात आहे आणि डेडच्या टेप्स हे माझं वेड आहे, त्यामुळे तुमचा धागा वाचून सकाळी सात वाजता लिहायला बसलोय.

आधी तारीख. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ती ५ ऑगस्ट नाही, ८ मे १९७७. कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल, गाव इथाका, न्यूयॉर्क राज्य. मे महिना असून त्या रात्री तिथे बर्फ पडला होता. डेडच्या तीस वर्षांतल्या दोन हजारांहून जास्त कार्यक्रमांत सगळ्यात जास्त हातोहात फिरलेली टेप कुठली असं विचारलं तर दहातले आठ जण हीच सांगतील. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०११ च्या यादीत ती राष्ट्रीय रेकॉर्डिंग म्हणून घेतली, आणि बँडनं अधिकृत सीडी काढली ती थेट २०१७ ला. म्हणजे चाळीस वर्षं लोक ही मैफल ऐकत होते ती एकानं दुसऱ्याला कॅसेट भरून दिली म्हणून. मामांकडेही अशीच आली असणार. पद्धत साधी होती, समोरच्याला कोऱ्या कॅसेट्स आणि परतीच्या टपालाची तिकिटं पाठवायची, तो भरून परत पाठवायचा. पैसे घ्यायचे नाहीत हा अलिखित नियम, आणि तो लोक फार कसोशीनं पाळायचे.

एयूडी म्हणजे प्रेक्षकांत बसून माइकवर केलेलं, एसबीडी म्हणजे साउंडबोर्ड, थेट मिक्सरमधून घेतलेलं. कॉर्नेलचं मूळ साउंडबोर्ड रेकॉर्डिंग बेटी कँटर-जॅक्सन या बाईंनी केलं, त्यांच्या टेप्सना सगळे "बेटी बोर्ड्स" म्हणतात. त्या टेप्स त्यांनी भाड्याच्या गोदामात ठेवल्या होत्या, भाडं थकलं आणि १९८६ ला सगळं सामान लिलावात गेलं. ज्यांनी घेतलं त्यांच्याकडून हळूहळू टेप्स बाहेर पडल्या. मामा ८६ लाच परत आले म्हणता, त्यामुळे त्यांची कॉर्नेल बहुतेक प्रेक्षकांतली असणार, कार्डाचा कोपरा बघून सांगा.

बाण म्हणजे गाणं न थांबता पुढच्यात शिरलं. स्कार्लेट बिगोनियाज आणि फायर ऑन द माउंटनच्या मध्ये बाण असेल बघा. तो बाण म्हणजेच कॉर्नेल. पहिलं गाणं कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं ते मला अजून बोट ठेवून सांगता येत नाही, आणि मी ते किती वेळा ऐकलंय त्याची मोजदाद नाही.

झेपलिनच्या कॅसेट्सवर तारखा काय आहेत?

माळ्यावरची

सेकंड सेट, खूप खूप धन्यवाद! हो, कोपऱ्यात एयूडी आहे आणि बाणही आहे! तेरावा महिना नसतो हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण दुसऱ्या एका कॅसेटवर ७/१३/८४ ग्रीक थिएटर असं लिहिलंय आणि तिथे कोपऱ्यात एयूडीच्या शेजारी मराठीत "मी". याचा अर्थ काय? खोक्याच्या तळाशी रुमालात गुंडाळलेला एक छोटा माइकपण आहे.

झेपलिनच्या एकीवर एलए फोरम ६/२१/७७.

सेकंड_सेट

अहो याचा अर्थ ते रेकॉर्डिंग मामांनी स्वतः केलंय!! ग्रीक थिएटर म्हणजे बर्कली विद्यापीठाचंच उघडं काँक्रीटचं नाट्यगृह. १३ जुलै १९८४. त्या रात्री सगळं संपल्यावर, शेवटच्या जादाच्या गाण्याला, डेडनं डार्क स्टार वाजवलं. हे गाणं त्यांनी १९८१ च्या ३१ डिसेंबरनंतर वाजवलंच नव्हतं, आणि त्यानंतर पुन्हा वाजलं ते थेट ऑक्टोबर १९८९ ला. तुमचे मामा त्या रात्री माइक घेऊन तिथे बसले होते.

बाकी कॅसेट्सची आणखी कुणाकडे तरी प्रत असेल. ही मात्र मूळ आहे, ती आधी वाचवा. रीळवाले काका कुठे आहेत, या इकडे.

रीळवाले_काका

आलो. माळ्यावरची, तुला अरेतुरे करतो, माझ्या मुलीच्या वयाची असशील.

पहिलं म्हणजे या कॅसेट्स आता कुठल्याच दुकानात द्यायच्या नाहीत. मी बत्तीस वर्षं डेक, म्हणजे कॅसेट वाजवायची मशीनं, दुरुस्त केलेत, अजूनही करतो. नाशिक माझ्यापासून लांब नाही, जमलं तर डेक घेऊन मीच येईन, पण स्वतः करायचं असेल तर नीट वाच.

चांगला डेक हवा, यूएसबीवाले प्लास्टिकचे वॉकमन नकोत. डेकचा बेल्ट नवा, पिंच रोलर (टेप ओढणारं रबरी चाक) गुळगुळीत झालेला नसावा, हेड (टेप वाचणारा भाग) आणि कॅपस्टन (टेप फिरवणारा दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलेले. कॅसेट लावायच्या आधी उघड्या बाजूनं आत बघ, टेपच्या मागे तांब्याच्या पट्टीवर लोकरीचा इवलासा तुकडा असतो, जुन्या कॅसेट्समध्ये त्याचा डिंक सुकतो आणि तो गळून पडतो, मग आवाज दबका येतो आणि लोक समजतात टेप गेली. टेप गेलेली नसते. स्क्रूवाली रिकामी कॅसेट घेऊन टेपची दोन्ही चाकं तिच्यात अलगद बसवायची. मग वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे, म्हणजे चाळीस वर्षं एकमेकांना चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्यानं हेडचा कोन बदलतो, अ‍ॅझिमथ म्हणतात. ज्या मशीनवर टेप भरली त्याचा कोन आणि तुझ्या डेकचा कोन जुळला नाही तर वरचे सूर, झांजा, तारांची धार सगळं मेणचट होतं. आवाज मोनो करायचा, हेडफोन लावायचा आणि स्क्रू केसभर फिरवत जायचा, जिथे झांज अचानक उघडते तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला वेगळं. दुकानवाले हे करत नाहीत, त्याला वेळ लागतो.

डॉल्बी, म्हणजे डेकमधली खरखर कमी करायची सोय, कार्डावर लिहिलं असेल तरच चालू. डेकच्या लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरवर घ्यायची डबी), माइकच्या भोकात नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, फ्लॅकमध्ये साठव, त्यात एमपीथ्रीसारखं काही गळत नाही. खरखर काढायची नाही! खरखरीच्या आत हॉल असतो. ती काढायला गेलं की त्याच्याबरोबर टाळ्या, माणसं, मोकळी हवा सगळं जातं, तू जे पाण्याखालचं म्हणतेस ते तेच. मूळ प्रत जशी आहे तशी ठेव, काय खेळ करायचे ते दुसऱ्या प्रतीवर.

एक गंमतीची गोष्ट सांगतो. टेप बरोबर वेगानं चाललीय की नाही हे कसं कळणार? अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. तिथल्या गिटार अँप्लिफायरची गुणगुण टेपवर बारीक उतरलेली असते. कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख) काढायचा, रेघ ६० ला दिसली तर वेग बरोबर, ५८ ला दिसली तर टेप हळू चाललीय, तेवढ्या प्रमाणात वाढवायची. मात्र ५० ला रेघ दिसली तर ती तुझ्या घरच्या विजेची, म्हणजे जोडणीत अर्थिंगचा घोळ आहे, थांबायचं आणि आधी तो काढायचा.

फोरमचा_भाविक

६/२१/७७ वाचून अंगावर काटा आला. हे बहुधा माइक मिलर्डचं रेकॉर्डिंग. हा माणूस लॉस एंजलिसच्या फोरममध्ये व्हीलचेअरवर बसून जायचा, चालता येत असूनही, कारण खुर्चीत नाकामिची ५५० हा जड रेकॉर्डर लपवता यायचा. डेड आपल्या कार्यक्रमांत लोकांना रेकॉर्डिंग करू द्यायचे, तशी मुभा झेपलिनकडे नव्हती, त्यांचा मॅनेजर पीटर ग्रँट टेपवाल्यांचा कर्दनकाळ. तरी मिलर्डच्या टेपमध्ये झेपलिनच्या बॉनमचा ड्रम असा छातीवर आदळतो की प्रेक्षकांतलं रेकॉर्डिंग आहे यावर विश्वास बसत नाही. मिलर्ड १९९४ ला गेला. त्यानं २६ एप्रिल १९७५ ला केलेलं पिंक फ्लॉइडचं रेकॉर्डिंग डिसेंबर २०२५ मध्ये फ्लॉइडनं स्वतःच्या अधिकृत संचात घेतलं. पन्नास वर्षांपूर्वी चोरून केलेली टेप! बँडकडे स्वतःचं त्याच्या तोडीचं असतं तर कशाला घेतली असती.

आणि आपल्या मुंबईचंपण एक आहे यात. झेपलिनचा गिटारवाला पेज आणि गायक प्लांट यांनी १९७२ ला मुंबईत इथल्या वादकांना घेऊन फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स रेकॉर्ड केली होती, ती कित्येक वर्षं फक्त बूटलेगवर, म्हणजे चोरून काढलेल्या प्रतींवर, मिळायची, अधिकृत आली २०१५ ला. खोक्यात ती असेल तर कळवा.

स्पूलप्रेमी_पुणे

मला रॉकमधलं काही कळत नाही, पण "एकच गाणं अकरा वेळा" वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या वडिलांच्या कपाटात कुमार गंधर्वांच्या आणि मल्लिकार्जुन मन्सूरअण्णांच्या खासगी मैफिलींचे स्पूल, म्हणजे टेपची मोठी रिळं, होते. लोक परगावाहून टेपरेकॉर्डर उचलून घेऊन यायचे, रात्रभर बसून कॉपी करायचे, आई त्यांना पिठलंभात वाढायची. तोच राग, तीच बंदिश, पण एका मैफिलीत तबला जरा चढा, एकीत आवाज लागायला अर्धा तास गेलाय आणि मग जो लागलाय तो काय लागलाय. मधेच कुणीतरी "क्या बात है" म्हणतं आणि त्या माणसाचा आवाजसुद्धा आम्हाला पाठ. ध्वनिमुद्रिका तीन मिनिटांची किंवा फार तर वीस मिनिटांची, तिच्यात सगळं बेतलेलं. मैफिलीत गवई शोधत असतो. तुझा मामा अकरा कॅसेट्सवर तेच शोधणं ऐकत असणार गं. दोन तारखांच्या कॅसेट्स घे, तेच गाणं लागोपाठ ऐक, आणि कुठे वेगळं वळण घेतलं तेवढंच टिपून ठेव. तिसऱ्या दिवशी आपोआप चौथी कॅसेट लावशील.

सेकंड_सेट

स्पूलप्रेमी, अगदी हेच. माझे बाबा मला विचारायचे काय तेच तेच ऐकतोस, आणि स्वतः भीमसेनजींच्या सवाईतल्या कॅसेट्स झिजवायचे. सुरुवातीला कॉर्नेलच ऐका माळ्यावरची. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला गिटारवाला बॉब वेअर गर्दीला एक एक पाऊल मागे सरका म्हणून सांगतो, पुढची माणसं चिरडत होती. मग स्कार्लेट. तिथून पुढे पंचवीसेक मिनिटं फोन लांब ठेवा.

माळ्यावरची

तीन आठवड्यांनी लिहितेय. काका खरंच डेक घेऊन नाशिकला आले, दिवसभर थांबले, आईनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. ७/१३/८४ च्या दोन कॅसेट्स आहेत, त्यातली शेवटाची आधी लावली. लोकरीचा तुकडा खरंच गळलेला होता. काकांनी स्क्रू फिरवला आणि झांज उघडली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांचं काय म्हणणं होतं. रेघ ५९.४ ला दिसली, मग कॉम्प्युटरवर वेग तेवढा सरळ केला, मूळ फाइल तशीच ठेवून.

शेवटच्या गाण्याआधी नुसता गोंगाट आहे, लोक ओरडतायत, टाळ्या थांबत नाहीत. मग गिटारचे पहिले सूर येतात आणि अख्खं थिएटर अक्षरशः किंचाळतं. आणि त्या किंचाळण्यात, माइकच्या अगदी जवळ, मराठीत, "अरे हे तेच आहे, हे तेच आहे, गप्प बस, गप्प बस." मामाचा आवाज. चोविसाव्या वर्षीचा. मी तो असा कधी ऐकलाच नव्हता, आम्हाला माहीत असलेला मामा हळू बोलायचा. आईनं तो तुकडा सहा वेळा लावायला सांगितला, मग पदर लावला डोळ्यांना आणि म्हणाली आता पुढचं लाव.

पण गाण्याच्या मध्येच टेप संपते. तीच ती "शेवटी टेप संपली"वाली कॅसेट आहे. पुढचं कुठे मिळेल? आणि पहिल्या कॅसेटची दुसरी बाजू आज रात्री लावतेय.

सेकंड_सेट

वाचून डोळे भरले हो. त्या रात्रीची दुसऱ्या लोकांची रेकॉर्डिंग्ज इंटरनेट अर्काइव्हवर ऐकायला आहेत. राहिलेला तुकडा त्यातून घेऊन मामांच्या टेपला जोडता येईल, टेपवाले याला पॅच म्हणतात. फक्त सोबतच्या मजकुरात कुठल्या मिनिटाला आणि कुणाचा पॅच ते लिहा, आणि पहिल्या ओळीत मामांचं रेकॉर्डिंग म्हणून लिहा.

रीळवाले_काका

लावायच्या आधी हेड पुन्हा पुस. आणि कॅसेटमागचे दोन्ही टॅब तोडलेत का बघ, नसतील तर आत्ताच तोड, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर सगळं जाईल.