मदत हवी आहे: डायलिसिसवरच्या रुग्णाला डिप्रेशन आहे की नुसता थकवा, कसं ओळखायचं?

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास हिमोडायलिसिस घेणारे रुग्ण. झोप नाही, भूक नाही, अंगात त्राण नाही. ही लक्षणं किडनीच्या आजाराचीही आणि डिप्रेशनचीही. पीएचक्यू-९ ही डिप्रेशन तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली की बऱ्याच जणांचे गुण चढेच येतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे कोणाला पाठवायचं? डिप्रेशनची गोळी सुरू झाली तर कशावर लक्ष ठेवायचं?

प्रतिसाद १
एकूण गुणांआधी पहिले दोन प्रश्न बघा: कशातच रस नसणं आणि उदास वाटणं. भूक-झोप किडनीपायी जाते, पण "मी घरच्यांवर ओझं झालोय" हे सतत मनात येणं नुसत्या थकव्याचं लक्षण नाही. १० किंवा जास्त गुण आले तर पाठवाच. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. तिथे शून्य सोडून काहीही उत्तर आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी एकांतात बोला. थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट रुग्णाला मोकळं वाटतं.

मशीनवरून काढताना, बीपी उतरलेलं असताना फॉर्म हातात देऊ नका. नातेवाइकाने भरलेला फॉर्मही नको. त्याच्यासमोर रुग्ण खरं सांगत नाही.

थकव्याचं कारण मशीनमध्येही असू शकतं. तासाला वजनाच्या दर किलोमागे १३ मिलीपेक्षा जास्त पाणी ओढलं जात असेल, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) चुकलं असेल किंवा केटी/व्ही (डायलिसिस पुरेसं झालं का याचं माप) १.२ च्या खाली असेल, तर आधी ते सुधारा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडही बघा. रात्रभर खाज सुटून किंवा पाय वळवळून झोप मोडत असेल, तर त्यावर वेगळे उपचार आहेत.

प्रतिसाद २
गोळीबद्दल: सर्ट्रालीन बहुधा २५ मिग्रॅपासून सुरू करतात. फरक पडायला चार ते सहा आठवडे लागतात, मळमळ-जुलाब मात्र आधीच येतात, आणि तिथेच रुग्ण गोळी सोडतो. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा. सिटालोप्राम असेल तर ईसीजी हवा, कारण त्याने क्यूटी (ईसीजीवरचा एक अवधी, तो लांबला की हृदयाचे ठोके बिघडू शकतात) लांबतो आणि डायलिसिसमध्ये पोटॅशियम झपाट्याने खाली येतं. गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबलिन (नसांच्या दुखण्यावरची औषधं) चालू आहे का तेही विचारा. ती किडनीवाटेच बाहेर पडतात, त्यामुळे साठतात. मग येणारी गुंगी डिप्रेशनसारखी दिसते.

धागाकर्ता
"आता डायलिसिसच नको" म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

प्रतिसाद १
लगेच समजूत घालू नका. "नेमकं काय नकोसं झालंय?" एवढंच विचारा. सुयांचं दुखणं, पेटके, पाण्यावरचं बंधन यांतलं बरंच कमी करता येतं. डिप्रेशन असेल तर आधी त्याचे उपचार करा, मग पुन्हा विचारा. त्यानंतरही विचारपूर्वक नकोच म्हणत असेल, तर नेफ्रॉलॉजिस्ट आणि घरच्यांसोबत बसून बोलावं लागेल.