मोठ्या खंडानंतर परदेशवारी : माद्रिदमधला पहिला दिवस कसा आखावा?

खिडकीजवळ :
बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर आम्ही दोघं पुन्हा परदेशी निघतोय. दोघांचीही साठी उलटली आहे. शनिवारी, 24 ऑक्टोबरला सकाळी 8 वाजता दोहामार्गे माद्रिदला उतरू. तिकिटावर टर्मिनल टी4एस लिहिलंय. हॉटेल आतोचा स्टेशनजवळ आहे, चेक-इन दुपारी 3 ला. शेंगेन व्हिसा आणि विमा झालाय. विमानतळावर आता काय नवीन आहे? शहरात टॅक्सीने जावं की ट्रेनने? आणि खोली मिळेपर्यंतचे तास कसे काढावेत? माद्रिदला न थांबता त्याच दिवशी दुपारच्या गाडीने सेव्हिया (सेव्हिल शहर) गाठायचाही विचार आहे. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं.

सीमापार :
सगळ्यात मोठा बदल म्हणजे ईईएस, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांच्या प्रवेशाची आणि परतीची संगणकीय नोंद. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपने टप्प्याटप्प्याने सुरू केलेली ही नोंदणी पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा घेते. व्हिसा काढताना दिलेले बोटांचे ठसे त्यांच्याकडे असतातच, त्यामुळे तुमचा मुख्यतः चेहऱ्याचा फोटो घेतला जाईल. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो, रांगेची तयारी ठेवा. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि विम्याचा कागद (किमान 30,000 युरोचं संरक्षण) छापून हातातल्या बॅगेत ठेवा. हे कागद चेक-इन केलेल्या बॅगेत गेले तर पासपोर्ट तपासणीच्या खिडकीपाशी त्यांचा काही उपयोग नाही.

टी4एसला बरेच जण गोंधळतात. पासपोर्ट तपासणी तिथेच होते, पण सामान तिथे येत नाही. चालकाविना धावणाऱ्या भुयारी गाडीने मुख्य टी4 मध्ये यायचं आणि बॅगा तिथल्या पट्ट्यावरून घ्यायच्या.

आणखी एक, कारण आपल्याकडून हे हमखास होतं : तूप, पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नको. कोरडा चिवडा किंवा खाकरा न्या.

आतोचा_एक्सप्रेस :
दोघं आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर माझं मत टॅक्सीला. विमानतळ ते एम-30 या वर्तुळाकार रस्त्याच्या आतलं कुठलंही ठिकाण, ठरलेलं भाडं 33 युरो. सामानाचे वेगळे पैसे नाहीत. गाडी पांढरी आणि दारावर तिरका लाल पट्टा असलेलीच घ्या, तीही बाहेरच्या अधिकृत रांगेतून. आगमन कक्षात कुणी 'टॅक्सी?' म्हणत जवळ आलं तर थांबू नका.

स्वस्तात जायचं तर टी4 च्या खालूनच सेर्कानियास ही लोकल सुटते. सी-1 किंवा सी-10 पकडलीत की गाडी न बदलता साधारण अर्ध्या तासात आतोचा. पिवळी 203 नंबरची बस 5 युरोत थेट आतोचाला सोडते. मेट्रो मात्र या वेळी टाळा : विमानतळाचा 3 युरो अधिभार लागतो आणि बॅगा घेऊन गाड्या बदलाव्या लागतात.

त्याच दिवशी सेव्हियाला जाऊ नये असं मी ठामपणे सांगेन. विमान आणि ट्रेनची तिकिटं वेगवेगळी, त्यामुळे विमानाला उशीर झाला तर गाडीचे पैसे बुडतात. वेगवान गाडीत चढण्याआधी सामान स्कॅन होतं, तेव्हा स्टेशनवर अर्धा तास आधी हजर असावं लागतं. तरी जायचंच असेल तर दुपारी 2 नंतरची गाडी घ्या. तिकिटावर 'कोंबिनादो सेर्कानियास'चा कोड असेल तर स्टेशनच्या मशीनमध्ये तो टाकून लोकलचं तिकीट फुकट मिळतं; गाडी सुटण्याआधीच्या 4 तासांत ते चालतं.

दुपारची_झोप :
आता त्या मधल्या तासांबद्दल. तेव्हा भारत आणि स्पेनच्या घड्याळातला फरक साडेतीन तासांचा असेल. माद्रिदला संध्याकाळचे 7 वाजतील तेव्हा तुमच्या शरीराचे साडेदहा वाजलेले असतील, आणि पेंग नेमकी तेव्हाच येईल. पश्चिमेकडे गेल्यावर शरीराचं घड्याळ मागे सरकायला हवं. त्याला संध्याकाळचा उजेड मदत करतो, म्हणून 5 ते 7 बाहेरच राहा. त्या दिवशी सूर्य सातच्या सुमारास मावळतो. खोली मिळाल्यावर पडायचंच तर गजर लावून अर्धा तास, जास्त नाही.

सकाळी बॅगा हॉटेलच्या काउंटरवर ठेवा, आधी आलेल्यांच्या बॅगा सहसा ठेवून घेतात. पासपोर्टची नोंद करणं हॉटेलला कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा मागितला तर बिचकू नका. मग कॉफी आणि 'तोस्तादा कोन तोमाते' : भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल, मीठ. तिथून जुन्या पुस्तकांच्या दुकानांची क्वेस्ता दे मोयानो ही चढण चढली की समोरच रेतीरो बाग. साठीच्या पायांना हे अंतर झेपतं आणि बसायला बाकं भरपूर.

जेवणाच्या वेळा सांभाळा. दीडला जेवायला बसा. चार-साडेचारला बरीच स्वयंपाकघरं बंद होतात ती रात्री साडेआठलाच उघडतात. मधल्या वेळी बारमध्ये 'तोर्तिया' (अंडं-बटाट्याचं जाड ऑम्लेट) मिळतं. एन्सालादा मिक्स्ता या सॅलडमध्ये बहुतेकदा ट्युना असतो आणि साल्मोरेखो या गार टोमॅटो सुपावर हॅमचे तुकडे. म्हणून 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन' (मांस नको, मासे नको, हॅम नको) म्हणा. नुसतं 'सिन कार्ने' म्हटलं तर हॅम येऊ शकतो.

प्रादो संग्रहालय त्या दिवशी नको. शनिवारी 6 ते 8 फुकट असतं खरं, पण रांग लांब असते, आणि वेलाझ्केझसारख्या चित्रकाराची चित्रं झोपाळू डोळ्यांनी पाहण्यात अर्थ नाही.

खिडकीजवळ :
सेव्हियाचा बेत रद्द, माद्रिदलाच राहतो. रविवारी सकाळी 9 ला प्रादोबाहेर मार्गदर्शकाला भेटायचं ठरतंय, ते बदलावं का?

सीमापार :
बदलू नका, फक्त एक लक्षात ठेवा : 25 ऑक्टोबरला पहाटे 3 वाजता स्पेनची घड्याळं तासभर मागे जाऊन 2 वाजतात. फोन आपोआप बदलेल. मनगटी घड्याळ आणि साधा गजर झोपण्यापूर्वी मागे करा.