मदत हवी आहे: ऑफिसच्या मेलमध्ये 'मेरी ख्रिसमस' की 'हॅपी हॉलिडेज'?

न्यू जर्सीत आहे, टीम 11 जणांची. डिसेंबर 2025 चा शुभेच्छांचा मेल माझ्या गळ्यात पडलाय. दोघं ज्यू आहेत, पण त्यांचा सण हनुक्का 14 च्या संध्याकाळी सुरू होऊन 22 ला संपतोय आणि मेल जाणार 23 ला. म्हणजे तोही उल्लेख शिळाच. गेल्या वर्षी 'हॅपी हॉलिडेज' (कुठल्याच सणाचं नाव न घेता शुभेच्छा) लिहिलं, तर एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं विचारलं, ख्रिसमसचं नाव घ्यायला संकोच वाटतो का? 'सीझन्स ग्रीटिंग्ज' लिहून पाहिलं, बँकेचं पत्र वाटतं. एचआरला विचारलं, नियम नाही. प्रत्येकाला वेगळा मेल शक्य नाही, दोनच ओळी हव्यात. (आपल्याकडे 'नाताळच्या शुभेच्छा' म्हटलं की सुटलो!)

'मेरी ख्रिसमस अँड हॅपी हॉलिडेज' असं दोन्ही एकत्र लिहिलं, तर इथल्या लोकांना ते कसं वाटतं? कुणी पाठवलंय का?